सुरगाठ न बांधता येणाऱ्या मुलाचे बूट: एक प्रकरण अभ्यास

२०१२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या मॅथ्यू वॉल्झर या सोळा वर्षांच्या मुलाने नायकी या बूट बनवणाऱ्या कंपनीला उद्देशून एक पत्र लिहिले. मॅथ्यूचा जन्म मुदतीच्या सुमारे दोन महिने आधी झाला होता आणि त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याचा विकार होता. पत्राचा सूर आर्जवाचा होता, तक्रारीचा नव्हता. आपण सगळे कपडे आपले आपण घालू शकतो, पण एकाच हाताची बोटे नीट वळत असल्यामुळे बुटाची लेस बांधणे अशक्य आहे, ते काम अजून आईवडिलांना करावे लागते आणि या वयात त्याची लाज वाटते, असे त्याने लिहिले होते. पुढे आपल्या आवडीच्या कॉलेजात शिकायला जायचे तर रोज सकाळी लेस बांधायला कोण येणार, एवढीच त्याची काळजी होती. चालताना घोट्याला आधार लागत असल्याने आपल्याला बास्केटबॉलचे घोटा झाकणारे बूटच वापरावे लागतात, हेही त्याने जाता जाता सांगितले होते, आणि या प्रकरणाचा खरा पेच त्या जाता जाता सांगितलेल्या वाक्यात आहे.

पत्र समाजमाध्यमांवर फिरत फिरत कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क पार्कर यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी ते टोबी हॅटफील्ड या रचनाकाराकडे सोपवले. त्यानंतर तीन वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, ‘फ्लायईझ’ या नावाची बंद करण्याची नवी पद्धत असलेला बूट बाजारात आला. ही कथा वर्तमानपत्रांतून बहुधा पत्र लिहिणाऱ्या मुलाच्या जिद्दीची आणि कंपनीच्या सहृदयतेची म्हणून सांगितली गेली. ते खरे असले तरी बूट बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा रुग्णाला पुन्हा चालते करणाऱ्या थेरपिस्टला त्यातून फारसे हाती लागत नाही. त्यांच्या दृष्टीने विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. न बांधायच्या इलॅस्टिक लेस त्या वेळी अमेरिकेतल्या कोणत्याही धावपटूंच्या दुकानात थोड्या डॉलरांत मिळत होत्या. वेल्क्रोचा पट्टा तर त्याआधी कित्येक दशके बुटांवर आलेला होता. मग एवढ्या मोठ्या कंपनीला एका मुलाच्या लेससाठी तीन वर्षे का लागावीत?

लेस नेमके काय करते

मराठीत गाठीची दोन नावे घरोघरी ठाऊक असतात. एक टोक ओढले की सुटते ती सुरगाठ, आणि नखे झिजवून किंवा दातांनी उकलावी लागते ती निरगाठ. बूट संध्याकाळी काढायचे असतात म्हणून आपण लेसला सुरगाठ मारतो, म्हणजे जी गाठ सुटण्यासाठीच बांधलेली आहे तिच्याकडून ती दिवसभर न सुटण्याची अपेक्षा करतो. ही अपेक्षा का फसते, याचा अभ्यास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील तीन अभियंत्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. वेगवान कॅमेऱ्याने धावत्या पायाचे चित्रण करून त्यांनी दाखवले, की पाय जमिनीवर आदळताना गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसून ती किंचित सैल होते, आणि पाय झुलताना लेसची मोकळी टोके चाबकासारखी फटकारून त्या सैल गाठीला बाहेर ओढतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की काही पावलांतच गाठ सुटते. इलॅस्टिक लेसला मोकळी टोकेच नसतात किंवा ती आखूड कापून टोपीत बंद केलेली असतात, आणि गाठीच्या जागी स्प्रिंगचे लॉक असते. म्हणजे सुटण्याची दोन्ही कारणे तिथे राहत नाहीत.

पण गाठ हा लेसच्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. त्याच्या आधी लेस दोन कामे करते आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाय आत जावा म्हणून तिने बुटाचे तोंड मोठे करायचे असते, आणि पाय आत गेल्यावर तेच तोंड लहान करून कमानीच्या वरच्या भागावर सारखा ताण ठेवायचा असतो, जेणेकरून टाच तिला मागून धरणाऱ्या ताठ भागातून, म्हणजे टाचेच्या कपातून, उचलली जाणार नाही आणि चवडा पुढे घसरणार नाही. साध्या पॉलिएस्टरच्या लेसला ही दोन्ही कामे जमतात, कारण ती जवळजवळ ताणली जात नाही आणि प्रत्येक वेळी माणूस आपल्या हाताने तिची लांबी नव्याने ठरवतो. किती ओढायचे, कुठे थोडे सैल सोडायचे, आज पाय सुजला आहे का, हे सारे बोटे ठरवतात. लेस बांधणे अवघड असण्याचे कारणही हेच आहे. त्यात दोन्ही हात लागतात, चिमटीची ताकद लागते, वाकावे लागते आणि वाकलेल्या अवस्थेत तोल सांभाळावा लागतो.

इलॅस्टिकचा मार्ग कुठपर्यंत जातो

इलॅस्टिक लेसमागची युक्ती साधी आहे आणि तिचे श्रेय पुष्कळसे ट्रायथलॉन या खेळाकडे जाते. या खेळात पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे सलग करायचे असते. ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २००० सालच्या सिडनी स्पर्धेपासून, ही अंतरे दीड, चाळीस आणि दहा किलोमीटरची आहेत. सायकलवरून उतरून धावायचे बूट घालण्यात जाणारा वेळही एकूण वेळेतच धरला जातो, त्यामुळे ओल्या पायांनी, धाप लागलेली असताना, थरथरत्या बोटांनी लेस बांधत बसणे कुणालाच परवडत नाही. गोव्यात मिरामारला २०१९ साली पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा झाली, जिच्यात १.९ किलोमीटर पोहून आणि ९० किलोमीटर सायकल चालवून २१.१ किलोमीटर धावावे लागते. अशा स्पर्धांच्या तयारीमुळे पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या हौशी खेळाडूंच्या बुटांवरही या लेस दिसू लागल्या.

या लेसमध्ये रबराच्या बारीक तारांवर विणलेले पॉलिएस्टरचे आवरण असते. एकदा घरी निवांत बसून, दोन्ही हातांनी, पाय बुटात असताना तिचा ताण ठरवायचा, लॉक सरकवून पक्के करायचे आणि जास्तीची टोके कापून टाकायची. त्यानंतर बूट घालताना लेस ताणली जाते आणि पाय आत गेला की ती स्वतः आखडते. म्हणजे ताण ठरवण्याचे काम आणि बूट घालण्याचे काम या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात. पहिली महिन्यातून एकदा, दुसरी रोज. ज्याला एकच हात वापरता येतो त्याच्यासाठी पहिले काम घरातल्या कुणीतरी करून द्यावे, दुसरे तो स्वतः करतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात पाय हळूहळू सुजतो तेव्हाही ही लेस बरी, कारण न ताणल्या जाणाऱ्या लेसमध्ये थोड्याशा सुजेनेही कमानीवरचा दाब चटकन वाढतो, तर इलॅस्टिकमध्ये तो सावकाश वाढतो.

हाच सावकाशपणा तिची मर्यादाही आहे. बास्केटबॉलमध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये खेळाडू एकदम बाजूला झेपावतो तेव्हा पायाचा सारा भार बुटाच्या कडेवर येतो. त्या क्षणी लेस ताणली गेली तर पाय बुटाच्या आत सरकतो. लॉक आणखी आवळून हे टाळता येते, पण मग तोंड पुरेसे उघडत नाही आणि बूट घालणे पुन्हा कष्टाचे होते. घोट्याखाली संपणाऱ्या धावण्याच्या बुटात ही तडजोड खपून जाते, कारण त्याचे तोंड मुळातच मोठे असते आणि इलॅस्टिकला थोडेसेच ताणावे लागते. घोटा झाकणाऱ्या बुटात मात्र पाय आत जायला लेसच्या सात-आठ ओळी एकदम उघडाव्या लागतात. तेवढे ताणता येईल इतके मऊ इलॅस्टिक घेतले तर घोट्याला आधार उरत नाही, आणि आधार देईल इतके कडक घेतले तर पाय आत जात नाही. मॅथ्यूला आधार नको असता तर त्याचा प्रश्न सुटायला दहा डॉलर पुरले असते, असे मला वाटते.

पाय आत कसा जातो

घोटा झाकणारा बूट घालताना आपण काय करतो ते सावकाश पाहिले तर अडचण आणखी स्पष्ट होते. आधी चवडा खाली झुकवून पाय जवळजवळ सरळ रेषेत आणावा लागतो, मग तो वरून तिरका आत ढकलावा लागतो, लेसखालची बुटाची जीभ मुडपू नये म्हणून एका हाताने ती वर ओढून धरावी लागते, आणि शेवटी घोटा पुन्हा काटकोनात आणत टाच खाली दाबावी लागते, त्या वेळी दुसऱ्या हाताचे बोट मागच्या कडेत घातलेले असते. सेरेब्रल पाल्सीमध्ये किंवा पक्षाघातानंतर स्नायू ताठ झालेल्या पायाला नेमके हेच वळण जमत नाही. अशा पायाच्या चवड्यावर दाब पडला की पुष्कळदा बोटे आत वळतात आणि घोटा उलट आणखी ताठतो, म्हणजे जितके ढकलावे तितका बूट नकार देतो. घोट्याचा कोन पक्का धरणारा प्लास्टिकचा ब्रेस पायात असेल तर पाय सरळ रेषेत आणण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ब्रेस ते होऊच देत नाही.

थोडक्यात, मॅथ्यूने पत्रात लेसबद्दल लिहिले होते, पण त्याच्या बुटाचा दोष गाठीत जेवढा होता त्याहून अधिक दारात होता. दार वर होते आणि ते अरुंद होते. गाठ काढून टाकणे हा अर्धा उपाय ठरला असता.

हॅटफील्ड यांच्या कामातला महत्त्वाचा निर्णय इथे दिसतो. ते स्वतः पूर्वीचे पोलव्हॉल्टपटू आणि प्रशिक्षक होते, आणि नायकीच्या कित्येक गाजलेल्या बुटांचे रचनाकार टिंकर हॅटफील्ड यांचे भाऊ. सोप्या बुटांवर ते पत्राच्या आधीपासून काम करत होते. कंपनीचे पहिले कर्मचारी जेफ जॉन्सन, ज्यांनी १९७१ साली ‘नायकी’ हे नाव सुचवले होते, त्यांना पक्षाघात होऊन उजव्या हाताची ताकद गेली तेव्हापासून हा विषय कंपनीत होता. पत्राने त्या विखुरलेल्या कामाला एक ठराविक माणूस दिला, ज्याच्या पायावर प्रत्येक नमुना घालून पाहता येत होता. नमुने मॅथ्यूकडे जात राहिले आणि त्याच्या अनुभवावरून बदलत राहिले. एका पायासाठी काम करण्याचा हा फायदा असतो की ‘साधारणपणे चालेल’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही.

२०१५ मध्ये विक्रीला आलेला बूट लेब्रॉन जेम्स यांच्या नावाच्या ‘झूम सोल्जर ८’ या बास्केटबॉलच्या बुटावर बेतलेला होता आणि त्याची किंमत १३० डॉलर होती. त्यात एक चेन घोट्याच्या बाजूने सुरू होऊन टाचेला वळसा घालत जाते. ती उघडली की टाचेमागची भिंतच दारासारखी खाली येते आणि पाय मागून, जवळजवळ आडवा, सरकत आत जातो. चवडा झुकवावा लागत नाही, ब्रेस असला तरी अडत नाही. मग चेन एका हाताने ओढून वळसा पूर्ण करायचा आणि चेनच्या टोकाशी जोडलेला पट्टा पुढे दाबून चिकटवायचा. गाठ नाही, चिमटीची ताकद लागत नाही, आणि घोट्याभोवतीचा आधार तसाच राहतो, कारण बुटाचा वरचा भाग इलॅस्टिकचा केलेलाच नाही. उघडण्याचे काम एका ठिकाणी आणि धरून ठेवण्याचे काम दुसऱ्या ठिकाणी, अशी वाटणी झाल्यामुळे दोन्हींपैकी कुठेच तडजोड करावी लागली नाही.

चेन ही काही नवी वस्तू नाही. पावसाळी बुटांना आणि स्त्रियांच्या बुटांना ती कित्येक वर्षे लागतच होती. पण ती बहुधा उभी असते, घोट्याच्या आतल्या अंगाला, आणि पाय तरीही वरूनच घालावा लागतो. टाचेला आडवा वळसा घालणारी चेन बसवायची तर टाचेचा कप, जो बुटाचा सर्वांत ताठ भाग असतो, तो कुठे कापायचा आणि कापूनही ताठ कसा ठेवायचा, हे ठरवावे लागते. कप जास्त कापला तर टाच डगमगते, कमी कापला तर दार पुरेसे उघडत नाही. एका चेनसाठी एवढा वेळ का, या प्रश्नाचे मला पटणारे उत्तर या जागी आहे.

२०१५ मध्येच लॉस एंजेलिसला झालेल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या विशेष ऑलिम्पिकच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या दोन बास्केटबॉल संघांना हे बूट देण्यात आले. मॅथ्यू तोपर्यंत फ्लोरिडातल्याच एका विद्यापीठात शिकायला गेला होता. सकाळी बूट घालताना आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी स्वतंत्रपणाची भावना वाटते, अशा अर्थाचे त्याने नंतर कंपनीला कळवले.

नाकारलेले आणि बाजूने गेलेले रस्ते

वेल्क्रोबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण प्रत्येकाला तो सर्वांत आधी सुचतो. जॉर्ज द मेस्त्रल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या गोखरूसारख्या फळांवरून १९४१ साली ही कल्पना सुचली आणि १९५० च्या दशकात त्याचे पेटंट झाले. पट्टा एका हाताने ओढून चिकटवता येतो, त्यामुळे पक्षाघाताच्या रुग्णांना आजही पहिल्यांदा वेल्क्रोचेच बूट सुचवले जातात आणि ते योग्यच आहे. पण पट्ट्याच्या बारीक हुकांत धागे, केस आणि लाल माती भरली की पकड जाते, पट्टा आखूड असेल तर ताण एकाच ठिकाणी येतो, आणि दार पुन्हा वरच राहते. शिवाय आपल्याकडेही शाळेत वेल्क्रोचे काळे बूट लहान वर्गांतल्या मुलांसाठी असतात आणि पुढच्या वर्गांत गेल्यावर लेसचे बूट घ्यावे लागतात. सोळा वर्षांच्या मुलाला परत बालवर्गाचे बूट घालायला सांगणे म्हणजे काय, हे कुठल्याही शाळकरी मुलाला विचारावे.

फिरकीची पद्धत, जी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या बोआ कंपनीने २००१ साली बर्फावर घसरण्याच्या बुटांसाठी आणली, ती ताणाच्या बाबतीत इलॅस्टिकच्या नेमकी उलट आहे. पोलादाची बारीक तार गुळगुळीत मार्गांतून फिरते, चकती फिरवली की सर्व ओळी एकदम सारख्या आवळल्या जातात आणि चकती बाहेर ओढली की एकदम सैल होतात. ताण इतका नेमका ठरवता येतो की सायकलपटू चालत्या सायकलवर तो बदलतात. एका हाताने हे जमते, पण संधिवाताने वाकलेल्या बोटांना छोटी चकती पकडून पिळणे जड जाते, आणि तार तुटली तर कोपऱ्यावरच्या चांभाराकडे ती मिळत नाही.

मोटारीने आवळणाऱ्या लेसचा रस्ता नायकीनेच फ्लायईझच्या सुमारास समांतर चालवला. २०१६ चा ‘हायपरअडॅप्ट’ ७२० डॉलरला होता, २०१९ चा ‘अडॅप्ट बीबी’ ३५० डॉलरला. हा दुसरा बूट मोबाइलवरच्या ॲपने चालायचा, आणि विक्रीला आला त्याच दिवसांत अँड्रॉइडवरच्या अपडेटमध्ये गडबड होऊन काहींचे बूट ॲपशी जुळेनासे झाले. सुरगाठीचे हजार दोष असतील, पण तिला अपडेट लागत नाही.

२०२१: दाराची बिजागरी

फ्लायईझ हे नाव पुढे धावण्याच्या बुटांवरही आले. बास्केटबॉलपटू एलेना डेल डॉन यांच्या २०१९ च्या बुटात चेनऐवजी टाचेची भिंत मागे दुमडून चुंबकाने बंद होण्याची सोय केली गेली. त्यांच्या बहिणीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तिला दिसत व ऐकू येत नाही, त्यामुळे हे काम त्यांना घरचे होते. फ्लायईझच्या कामात पुढे सारा राइनर्ट्सन यांचाही मोठा सहभाग राहिला. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या अवस्थेत हवाई बेटावरची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, २००५ साली. ट्रायथलॉनमधली इलॅस्टिक लेस आणि अपंग व्यक्तींसाठीचा बूट हे दोन धागे इथे एका माणसात भेटतात, हे मला या प्रकरणातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या ‘गो फ्लायईझ’ या बुटात हाताचा संबंधच काढून टाकला गेला. तळव्याच्या मधोमध एक बिजागरी आहे, जी दोनच अवस्थांत स्थिर राहते: पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अधल्यामधल्या अवस्थेत ती टिकत नाही, दोहोंपैकी एका बाजूला खट्कन जाते. तळव्याभोवती असलेला एक लवचिक पट्टा ही दोन्ही टोके धरून ठेवतो. बूट उघडा असताना टाचेचा भाग वर उचललेला राहतो, पाय उभ्याउभ्या आत सरकवायचा आणि टाच खाली दाबायची, की शरीराच्या वजनाने बूट मिटतो. काढताना दुसऱ्या पायाने टाचेमागच्या पुढे आलेल्या कडेवर पाय द्यायचा. एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून बूट काढण्याची जी खोड घराघरांत मुलांना रागवून सोडवली जाते, तीच इथे यंत्रणा झाली आहे. इथे इलॅस्टिकने पुन्हा प्रवेश केला, पण कमानीवर ताण ठेवायला नव्हे, बिजागरीला ओढून ठेवायला. म्हणजे ज्या कामात त्याचा ताणला जाण्याचा गुण उपयोगी पडतो, तिथे.

आणि मग जे झाले ते रचनेच्या बाहेरचे होते. १२० डॉलरचा हा बूट सुरुवातीला निवडक सदस्यांना, आमंत्रणाने, थोड्या संख्येने विकला गेला. बुटांचा संग्रह करणाऱ्यांनी आणि पुनर्विक्री करणाऱ्यांनी तो उचलला आणि मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकायला काढला. ज्यांना हाताने लेस बांधता येत नाही त्यांना तो मिळेना. कंपनीच्या जाहिरातींत तो सर्वांसाठीचा सोपा बूट म्हणून दाखवला होता, अपंगत्वाचा उल्लेख जवळजवळ नव्हता, आणि याबद्दल अपंग व्यक्तींनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. या वादाला दोन बाजू आहेत हे मान्य करायला हवे. ‘अपंगांचा बूट’ अशी पाटी लागलेली वस्तू सोळा वर्षांच्या मॅथ्यूला नको होती. त्याला बाकीच्या मुलांच्या बुटांसारखाच, लेब्रॉनच्या नावाचा बूट हवा होता. सर्वांसाठी म्हणून विकल्याने ती पाटी लागत नाही आणि संख्या वाढून भाव उतरण्याची शक्यता निर्माण होते. पण सर्वांसाठी म्हणून विकलेली वस्तू मुळात तुटपुंजी बनवली, तर ती सर्वांत चपळ बोटांच्या माणसाकडे आधी जाणार, हे गणित शाळकरी आहे. माझ्या मते दोष जाहिरातीचा कमी आणि पुरवठ्याचा जास्त होता. गरज असलेल्यांसाठी काही जोड आधी राखून ठेवणे अवघड नव्हते.

आपल्या उंबरठ्यावर

हा बूट अमेरिकेतल्या घरासाठी बनला, जिथे माणूस सकाळी एकदा बूट घालतो आणि बरेचदा संध्याकाळीच काढतो. आपल्याकडे दाराशी, देवळाबाहेर, पुष्कळ दवाखान्यांत आणि कुणाच्याही घरी गेल्यावर बूट काढावे लागतात. म्हणजे लेस बांधण्याची अडचण दिवसातून एकदा न येता चार-पाच वेळा येते. त्यामुळेच धडधाकट माणसेही सुरगाठ कधी सोडतच नाहीत, बांधलेल्या लेससकट टाच मुडपून बूट चपलेसारखा ओढतात आणि सहा महिन्यांत मागचा कप मोडून टाकतात. अशांना शे-दोनशे रुपयांच्या इलॅस्टिक लेस पुरेशा आहेत. त्या लावताना पायाच्या बोटांकडच्या दोन ओळी सैल आणि घोट्याकडच्या दोन जरा घट्ट ठेवल्या तर टाच उचलली जात नाही, आणि घट्टपणा बसून पाहण्यापेक्षा उभे राहून पाहावा, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो.

एका बाजूचा हात आणि पाय गेलेल्या, ब्रेस वापरणाऱ्या माणसाचे मात्र तेवढ्याने भागत नाही, आणि परदेशी बुटाची वाट पाहण्याचेही कारण नाही. मॅथ्यूच्या बुटातली कल्पना दार मोठे करण्याची आहे, ती शिवणकामाची आहे, आणि शिवणकाम आपल्याकडे रस्त्यावर मिळते. एक माप मोठा, रुंद बूट घेऊन त्याच्या जिभेचे टाके बोटांच्या दिशेने दोन-तीन ओळी उसवले आणि लेसची छिद्रे तिथपर्यंत वाढवली, तर बूट पुढून पुस्तकासारखा उघडतो आणि ब्रेससकट पाय वरून सरळ खाली ठेवता येतो. लेसच्या जागी लांब वेल्क्रोचे दोन पट्टे, असे शिवलेले की टोक चांगल्या हाताच्या बाजूला येईल, आणि टाचेच्या कडेला बोटभर रुंद कापडी फासा, एवढे एखादा हुशार चांभार एका दुपारी करून देतो. टाचेचा कप मात्र त्याला कापू देऊ नये. चेन लावायचीच असेल तर ती आतल्या अंगाला, कपाच्या पुढून लावून घ्यावी, आणि तिच्या ओढणीला अंगठा सहज जाईल एवढा जाड दोरीचा फासा बांधावा, कारण थकलेल्या हाताची बोटे संध्याकाळी ती इवलीशी धातूची पट्टी पकडू शकत नाहीत.